सात हजार चारशे फेरे : त्र्यंबक तेलंग आणि हँडलचा हिशोब

लालदिवा

गेल्या आठवड्यात नातीला शाळेत प्रकल्प होता, 'भारतीय चित्रपटाचे जनक'. तिने वहीत दादासाहेब फाळक्यांचा फोटो चिकटवला, खाली 'राजा हरिश्चंद्र, ३ मे १९१३, कोरोनेशन, गिरगाव' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि मला विचारलं, "आजोबा, फाळके नटांना शिकवत होते ना? मग कॅमेरा कोण चालवत होतं?"

पोरीने नेमकं दुखण्यावर बोट ठेवलं. मी मुंबईतल्या एका लॅबमध्ये २६ वर्षं फिल्म धुतली. लॅब आता बंद पडली, तिथे टॉवर उभा आहे. इतक्या वर्षांत आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक डब्यावर कॅमेरामनचं नाव असायचं, कारण चित्र काळं आलं तर शिव्या कुणाला घालायच्या ते आधी ठरलेलं बरं. पण देशातल्या पहिल्या कथापटाचा कॅमेरामन कोण, हे दहा जणांना विचारा. नऊ जण फाळकेच म्हणतील.

नाव त्र्यंबक तेलंग. गाव त्र्यंबकेश्वर, म्हणजे फाळक्यांचंच. लहानपणचे मित्र. फाळक्यांनी त्यांना बोलावून घेतलं, आधी साधा फोटो काढायला शिकवलं आणि मग चलच्चित्राचा कॅमेरा हातात दिला. आता गंमत बघा. फाळके १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला निघाले, वॉल्टनला सेसिल हेपवर्थचा स्टुडिओ पाहिला, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला आणि १ एप्रिलला परत आले. म्हणजे गुरूचाच अनुभव काही आठवड्यांचा. त्या गुरूने शिष्य तयार केला आणि वर्षभरात पडद्यावर हरिश्चंद्र उभा केला!

मला सांगायचंय ते तेलंगांच्या मनगटाबद्दल. तेव्हाच्या कॅमेऱ्याला मोटर नव्हती. लाकडी पेटी, पुढे भिंग, बाजूला हँडल. रिवाज असा की हँडलच्या एका फेऱ्यात आठ चौकटी पुढे सरकायच्या आणि सेकंदाला दोन फेरे मारायचे. म्हणजे सेकंदाला सोळा चित्रं. ३५ मिलिमीटरच्या एका फुटात सोळा चौकटी बसतात, तेव्हा एक फेरा म्हणजे अर्धा फूट फिल्म. 'राजा हरिश्चंद्र' ३७०० फुटांचा होता. गुणाकार करा. सात हजार चारशे फेरे. हे फक्त पडद्यावर दिसलेल्या चित्रपटाचे. फुकट गेलेले, पुन्हा घेतलेले, नटाला ठेच लागली म्हणून वाया गेलेले वेगळेच.

हे फेरे एकसारखे पडायला हवेत. हात मंदावला तर प्रत्येक चौकटीवर उजेड जास्त वेळ पडतो आणि पडद्यावर तो भाग पांढरटतो, शिवाय माणसं धावू लागतात. हात चढला तर चित्र काळवंडतं आणि माणसं पाण्यात चालल्यासारखी चालतात. आमच्याकडे एकदा एका जुन्या मूकपटाची प्रत काढायचं काम आलं होतं. निगेटिव्ह उजेडावर धरली तर फूटभर दाट, फूटभर विरळ, पुन्हा दाट. कुणाचं मनगट दुखत होतं ते ऐंशी वर्षांनी मला दिसत होतं.

हे सगळं करताना चित्र भिंगातून बघायची सोयही नाही. आधी फोकस लावून घ्यायचा, फिल्म चढवायची, आणि मग बाजूच्या छोट्या चौकटीतून अंदाज घेत हँडल मारायचं.

तेलंगांबद्दल बोलावं म्हणून धागा काढला. जाणकारांनी भर घालावी.

उंटावरून_शेळ्या

बसायला जागा पकडून ठेवतो. सावकाश वाचून प्रतिसाद देईन.

शंकासुर

लेख उत्तम, पण 'पहिला' म्हटलं की आमचे कान टवकारतात. सावेदादा कुठे गेले? हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा खेळ झाला. तो बघून हा मुंबईचा फोटोवाला इतका पेटला की त्याने इंग्लंडातल्या रायली ब्रदर्सकडून २१ गिनींना कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये हँगिंग गार्डनला पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची कुस्ती चित्रित केली. १९०१ साली रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, त्यांचं स्वागतही टिपलं. तेलंगांच्या आधी चौदा वर्षं!

लालदिवा

शंकासुर, सावेदादांना माझा साष्टांग नमस्कार. म्हणूनच मी 'पहिल्या कथापटाचा' असं लिहिलं. आता तुम्ही 'पुंडलिक' काढाल, म्हणून मीच काढतो. दादासाहेब तोरण्यांचा 'पुंडलिक' १८ मे १९१२ ला लागला, हरिश्चंद्राच्या वर्षभर आधी. पण ते रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण होतं, कॅमेरामन जॉन्सन नावाचा साहेब होता आणि फिल्म धुवायला लंडनला गेली होती. सावेदादांच्या कुस्तीची फिल्मही धुवायला विलायतेलाच गेली होती.

माझ्यासारख्या धोब्याच्या दृष्टीने फरक इथे आहे. फिल्म बोटीने जाऊन परत येईपर्यंत तुम्हाला कळतच नाही की हात चुकला होता का. तेलंगांनी दिवसा फिरवलेलं हँडल फाळके त्याच घरात, दादरला, धुऊन बघत होते. चूक लगेच कळते, दुसऱ्या दिवशी सुधारते. आमच्या धंद्यात यालाच शिकणं म्हणतात.

रंकाळाकाठचा

मुंबईवाल्यांचं सगळं विकत आणलेलं. विल्यमसन काय, रायली काय. आमच्या कोल्हापुरात कॅमेरा बनवला राव, बनवला! आनंदराव आणि बाबूराव पेंटर, दोघे चुलत भाऊ, नाटकांचे पडदे रंगवणारे. आनंदरावांनी कॅमेरा करायला घेतला, पण १९१६ मध्ये ते गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना सोबत घेऊन तो पुरा केला. त्याच कॅमेऱ्यावर 'सैरंध्री' घेतला, ७ फेब्रुवारी १९२० ला पुण्याच्या आर्यन थेटरात लागला. टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. कीचकाचा वध इतका खरा वाटला की तो भाग कापावा लागला.

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ हाय आमच्याकडं. तेलंगांचा कुठं हाय सांगा.

लालदिवा

नाही हो कुठे. म्हणून तर धागा काढला. :-)

कोल्हापूरकरांशी या बाबतीत वाद घालण्यात अर्थ नाही. परदेशी कॅमेरा चालवणं वेगळं आणि लेथवर त्याचं दातेरी चक्र कातून काढणं वेगळं. त्यातलं चक्र चौकट पुढे ओढतं, क्षणभर थांबवतं, पुन्हा ओढतं. थांबायच्या क्षणी भिंगामागची पाकळी, म्हणजे शटर, उघडते, ओढायच्या क्षणी झाकते. हे केसाएवढं मागेपुढे झालं तरी पडद्यावर सगळ्या उजळ गोष्टींना शेपट्या फुटतात. पडदे रंगवणाऱ्या माणसांनी ते जमवलं. पेंटर मंडळींवर स्वतंत्र धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो.

अनिवासी_आप्पा

आमच्याकडे न्यू जर्सीत मंडळाच्या कार्यक्रमात मूकपटाचा तुकडा दाखवला होता. माणसं अशी तुरुतुरु धावत होती की पोरं खिदळत होती. संयोजकांनी वर ढोलकीचं रेकॉर्डिंग लावलेलं. मला तरी वाटलं की तेव्हा तंत्रच तसं होतं. म्हणजे ती कॅमेरामनची चूक होती का?

लालदिवा

आप्पा, यावर मी रात्रभर बोलू शकतो, पण थोडक्यात सांगतो.

चूक कॅमेरामनची नाही, दाखवणाऱ्याची. बोलपट आल्यावर वेग सेकंदाला २४ चौकटींवर पक्का झाला, कारण आवाजाला चढउतार चालत नाही. सोळाच्या वेगाने घेतलेलं चित्र चोविसाच्या यंत्रावर चढवलं की सगळे दीडपट वेगाने धावतात. राजा स्मशानात निघालाय का लोकल पकडायला, कळत नाही.

यातून एक जुना घोळही सुटतो. 'राजा हरिश्चंद्र' ४० मिनिटांचा होता असं जिथे तिथे वाचायला मिळतं. ३७०० फूट लांबी आहे, त्यावरून स्वतः काढून बघा. २४ च्या वेगाला मिनिटाला ९० फूट जातात. ३७०० भागिले ९०, झाली ४१ मिनिटं. पण तेलंगांनी सोळाच्या रिवाजाने हँडल मारलं असेल तर मिनिटाला ६० फूट, म्हणजे जवळजवळ ६२ मिनिटं. एक तासाचा चित्रपट आपण शंभर वर्षं चाळीस मिनिटांचा म्हणतोय. मधली वीस मिनिटं बोलपटाच्या यंत्राने खाल्ली.

बाकी थेटरात दाखवणाराही हाताने हँडल मारायचा, आणि रात्रीचा खेळ लवकर आटपायचा असला की त्याचाही हात चढायचा. ते वेगळं दुखणं.

उंटावरून_शेळ्या

४१ आणि ६२ वाला प्रतिसाद दोनदा वाचला. इतकी वर्षं चाळीस मिनिटं चाळीस मिनिटं ऐकतोय, एकानेही भागाकार केला नाही?

शंकासुर

भागाकार चाललाच आहे तर माझा एक जुना खटका काढतो. हरिश्चंद्राच्या आधी फाळक्यांनी भांडवल उभं करायला 'अंकुराची वाढ' हा छोटा पट केला. कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला, बी फुटून वेल होईपर्यंत महिनाभराहून जास्त चित्रण केलं. गोष्ट सांगताना सगळे म्हणतात, 'रोज एक चौकट'. आणि तेच लोक पुढे म्हणतात की पट मिनिटभराहून थोडा मोठा झाला.

रोज एक चौकट, तर महिना-दीड महिन्यात ४५ चौकटी. सोळाच्या वेगाने तीन सेकंदही भरत नाहीत! मिनिट भरायचं तर साडेनऊशेच्या वर चौकटी हव्यात, म्हणजे दिवसाला वीस-तीस. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत.

लालदिवा

शंकासुर, आज तुम्हाला मानलं. माझा कौल दिवसाला वीस-तीसच्या बाजूने. रोज एकच चौकट घेतली असती तर वेल पडद्यावर फटाक्यासारखा उडाला असता. अंकुर हळूच मान वर काढतो, पान उलगडतं, हे लोकांना दिसलं म्हणून तर पैसे देणारे तयार झाले. आणि दिवसाला वीस-तीस म्हणजे दर तासाभराने उठून कुंडीपाशी जायचं, हँडलला बेतशीर धक्का द्यायचा, पुन्हा झाकून ठेवायचं. महिनाभर. आजारी माणसाला औषध द्यावं तसं.

दादरची_चिमणी

धागा छान आहे, माहितीही छान. पण लालदिवाकाका, तुमच्यावर राग आहे. सात हजार फेरे मोजलेत, त्या फिल्मला भोकं कुणी पाडली ते नाही सांगितलंत!

कच्ची फिल्म कोडॅककडून यायची ती कोरी, बिनभोकांची. फाळक्यांनी कॅमेऱ्याबरोबर भोकं पाडायचं यंत्रही आणलं होतं. रात्री अंधाऱ्या खोलीत बसून ते चालवलं फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी. कॅमेऱ्यात फिल्म भरायलाही त्या शिकल्या. दिवसा उन्हात पांढरी चादर धरून तासनतास उभ्या राहायच्या, नटांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक वेगळाच. आणि ज्या लंडनच्या प्रवासावर, ज्या कॅमेऱ्यावर आपण इतकं बोलतोय, त्याचा पैसा उभा राहिला विम्याची पॉलिसी तारण ठेवून. पुढे पैसा कमी पडला तेव्हा बाईंचे दागिनेही गेले.

आता माझा हिशोब घ्या. एका चौकटीला एका बाजूला चार भोकं. फुटात सोळा चौकटी, म्हणजे एका बाजूला ६४, दोन्ही बाजूंना मिळून १२८. गुणिले ३७००. चार लाख त्र्याहत्तर हजार सहाशे. तुमच्या फेऱ्यांच्या चौसष्टपट. मोजा.

लालदिवा

मोजले. बरोबर आहे. कान पकडतो.

तुमच्या हिशोबात भर घालतो, म्हणजे माझं पाप थोडं कमी होईल. ही एका निगेटिव्हची भोकं. थेटरात दाखवायची प्रतही कोऱ्याच फिल्मवर निघायची, तिलाही तेवढीच. वाया गेलेल्या फिल्मची पुन्हा वेगळी. यंत्र एका दाबाला एकाहून जास्त भोकं पाडत असणार, पण फिल्म सरळ ठेवायचं काम माणसाचंच.

तो अंधार कसला ते सांगतो, कारण त्यावरून मी माझं टोपणनाव घेतलंय. त्या काळची फिल्म लाल रंगाला आंधळी होती. त्यामुळे खोलीत मंद लाल दिवा चालायचा. तेवढ्या उजेडात फिल्म कडेला धरायची, बोटाचा ठसा मधे उमटू द्यायचा नाही. मी शिकाऊ असताना आमचे मास्तर डाव्या हाताच्या बोटांवर रूळ मारायचे. घाम आला की आधी हात पुसायचे, मग फिल्म. उन्हाळ्यात दादरच्या बंद खोलीत घाम किती येत असेल याचा विचार करा.

आणि ही फिल्म नायट्रेटची. पेटली की पाण्यात बुडवली तरी जळत राहते. त्याच घरात पलीकडे साठ माणसांची चूल.

याच आंधळेपणाचा दुसरा परिणाम तेलंगांना भोगावा लागला असणार. लाल दिसत नाही म्हणजे लाल वस्तू काळी येते. कपाळावरचं कुंकू काळं, भगवी छाटी काळपट, ओठ काळे. आणि निळं सगळं पांढरं. आभाळ कोरं पांढरं, निळा शेला धुवट पांढरा. डोळ्यांना दिसतं त्याच्या उलटं रंगगणित मनात करत कॅमेरामनने उभं राहायचं. पुढे रंगीत फिल्मवर काम केलेल्या लोकांना हे सांगितलं की ते हसायचे. एकाला मी लाल काचेतून बाहेर बघायला लावलं आणि म्हटलं, हे जेवढं दिसतंय ना, ते सगळं त्या फिल्मला काळं होतं.

सुईदोरा

भोकांमधलं अंतर किती असतं हो? म्हणजे शिलाईच्या टाक्यांसारखं का?

लालदिवा

पावणेपाच मिलिमीटर. हातशिलाईचा मोठा टाका समजा. टाका तिरका गेला तर कापड नंतर उसवतं. इथे भोक सरकलं तर पडद्यावरचा राजा जागच्या जागी थरथरतो, सिंहासनासकट.

चित्रपटवेडी

फाळके आणि तेलंग दोघेही आमच्या नाशकाकडचे, म्हणून दोन किस्से. दोन्ही तुम्हाला ठाऊक असतील, पण तेलंगांच्या बाजूने ऐका.

पहिला वांगणीचा. बाहेरचं चित्रण करायला मंडळी वांगणीला गेली. ढाल-तलवारी घेतलेली माणसं गावात शिरलेली बघून लोकांना वाटलं दरोडेखोर आले. पाटलापर्यंत खबर गेली, मंडळी धरली गेली. फाळके मागाहून पोचले, त्यांनी कॅमेरा दाखवला, सिनेमा म्हणजे काय ते समजावलं. पटेना. शेवटी फिल्म न घालता कॅमेरा उभा केला, नटांना प्रवेश करायला लावला आणि रिकामं हँडल फिरवलं. तेव्हा कुठे सुटका! म्हणजे लालदिवा, तुमच्या हिशोबात बिनफिल्मचे फेरेही धरा.

दुसरा किस्सा हसण्यासारखा नाही. रोहिदासाची भूमिका फाळक्यांचा मुलगा भालचंद्र करत होता. चित्रणात तो दगडावर पडला, डोकं फुटलं, बेशुद्ध झाला. लोक म्हणाले काम थांबवा. पण पुढचा प्रसंग नेमका रोहिदास निपचित पडलेला असतानाचा होता, आणि फाळक्यांनी तो तसाच घेतला. बाप सूचना देतोय, पोरगं खरंच पडलंय, आणि बालमित्राने सेकंदाला दोन फेरे मारायचे. मला त्या क्षणी फाळक्यांपेक्षा हँडलवरच्या माणसाबद्दल जास्त वाटतं.

अनिवासी_आप्पा

अंगावर काटा आला. तो प्रसंग यूट्यूबवर आहे का?

शंकासुर

आप्पा, जपून. जे तुकडे उपलब्ध आहेत ते १९१३ चे की १९१७ चे यावर जाणकारांत वाद आहे. फाळक्यांनी १९१७ मध्ये हरिश्चंद्र पुन्हा चित्रित केला होता. त्यामुळे बघून 'हा तेलंगांचा हात' असं लगेच ठोकून देऊ नका.

लालदिवा

सहमत. आणि वाद घालायला निदान काही तुकडे आहेत, हेच नशीब. पी. के. नायर यांनी पुण्याच्या चित्रपट संग्रहालयासाठी फाळक्यांच्या घरच्यांकडून मिळेल ते गोळा केलं म्हणून ते उरले. मूकपटांपैकी बहुतेक सगळे गेले. काही जळले, काही डब्यात चिकट होऊन कुजले. बरेचसे भंगारात विकले गेले, कारण फिल्मवरच्या थरात चांदी असते. रसायनात टाकलं की चित्र निघून जातं आणि चांदी खाली बसते. आमच्या लॅबच्या मागच्या गल्लीत एक माणूस हेच करायचा. मी त्याला एकदा विचारलं होतं, कुठला सिनेमा होता रे? तो म्हणाला, वजन विचारा साहेब.

रंकाळाकाठचा

वजन विचारा साहेब. लई लागलं हे.

उंटावरून_शेळ्या

सावकाश वाचून प्रतिसाद देईन म्हणालो होतो, तो असा. सेकंदाला दोन फेरे हे ऐकायला फार सोपं वाटतं. इथे कुणी करून बघितलंय का? मला तर ताटात भात कालवतानाही लय सापडत नाही.

लालदिवा

परदेशातले कॅमेरामन म्हणे मनात गाणं घोळवायचे, आणि त्याच्या ठेक्यावर हँडल. आपल्याकडे कुणी भजनी ठेक्यावर मारत असेल तर मला आवडेल, पण ते मी तेलंगांच्या तोंडी घालणार नाही.

करून बघायचं असेल तर घरात हाताने फिरवायचं शिलाई मशीन आहे का बघा. पायाचं नको, हाताच्या दांड्याचं. सुई काढा, दोरा काढा. मोबाइलवर मिनिट लावा. मिनिटात १२० फेरे पडायला हवेत, आणि पहिल्या दहा सेकंदांत २० तर शेवटच्या दहातही २०. बोलायचं नाही, समोर नट रडत असला तरी हात हलता कामा नये.

सुईदोरा

अहो आमच्याकडे आहे! सासूबाईंचं. माळ्यावरून उतरवते.

सुईदोरा

उतरवलं. माझे निकाल सांगते, हसू नका.

पहिल्या दहा सेकंदांत २४. मग लक्षात आलं की फार होतंय, म्हणून पुढच्या दहात १६. मग मोजायच्या नादात मधेच थांबले. पूर्ण मिनिटाला १०३. दंड भरून आला. दुसऱ्या खेपेला मुलाने समोर मुद्दाम तोंडं वाकडी केली, तेव्हा ९१. तुमच्या हिशोबाने माझा हरिश्चंद्र आधी पाण्यात चालला, मग धावत सुटला आणि शेवटी पांढरा पडून गायब झाला.

नवरा म्हणाला, बाजूला हो. त्याचे १३८. पडदाभर काळोख.

दादरची_चिमणी

हाहाहा. काका, यांना दोघांनाही कामावरून काढा.

शंकासुर

मी पोराच्या सायकलचं पेडल उलटं धरून केलं. १२२. पण दहा-दहा सेकंदांचे तुकडे बघितले तर २६ पासून १५ पर्यंत. बेरीज बरोबर आणि चित्र सगळं नासलेलं. म्हणजे नुसती सरासरी बघून काही कळत नाही.

लालदिवा

शंकासुर, आमच्या निगेटिव्हवर दिसायचं ते नेमकं हेच. दाट, विरळ, दाट, विरळ.

सुईदोरा

थांबा, खरी बातमी पुढे आहे. सासूबाई (वय ७४) स्वयंपाकघरातून हा तमाशा बघत होत्या. हात पुसत आल्या, "सरका" म्हणाल्या. मी मोबाइल लावला. त्यांना वीस-वीसचं काही सांगितलंच नाही, फक्त घड्याळ दोनदा टिकटिकवून दाखवलं, म्हटलं या चालीने.

दर दहा सेकंदांचे आकडे : २०, २०, १९, २०, २०, २०. मधे मुलाने तोंडं वाकडी केली तर त्याच्याकडे बघून "दात घासलेस का" असंही विचारून झालं. हात हलला नाही.

विचारलं, मनात काय मोजत होता? म्हणाल्या, मोजायचं काय त्यात, चाळीस वर्षं गल्लीभराचे परकर शिवलेत.

लालदिवा

सुईदोरा, माझा त्यांना नमस्कार सांगा. आणि एक विनंती. त्यांना निम्म्या वेगाने, म्हणजे मिनिटाला ६०, तेवढंच सारखं फिरवता येतं का विचाराल? कमी उजेडात कॅमेरामन हात मुद्दाम मंद ठेवायचे आणि नटांना हळू हालचाल करायला सांगायचे. मंद हात सारखा ठेवणं जास्त कठीण.

सुईदोरा

विचारलं. म्हणाल्या, आधी त्या काकांना म्हणावं मशीनला तेल घालून द्या, करकरतंय.